टाके ओले असताना

“गुरुवार चालेल की शुक्रवार?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की शुक्रवारी कोर्टात उलटतपासणी आहे. खरं तर नव्हती. म्हणजे होती, पण तिची रजा सोमवारीच सुरू झाली होती आणि ती उलटतपासणी आता दुसरंच कुणीतरी उतरवून घेणार होतं. पण तोवर तोंडातून “गुरुवार” निघून गेलं होतं. “साडेनऊ,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ऑपरेशनच्या वहीत लिहिलं. मूल तिच्या पोटात बसलं होतं, अगदी शब्दशः. बूड खाली, डोकं तिच्या उजव्या बरगडीखाली. आठवड्यापूर्वी बाईंनी बाहेरून दोन्ही हातांनी त्याला फिरवून पाहिलं होतं. ते अर्धं फिरलं, थांबलं आणि पुन्हा होतं तसं बसलं. “हट्टी आहे,” बाई म्हणाल्या होत्या आणि तिला बरं वाटलं होतं, की ह्याच्याबद्दल कुणाला तरी काहीतरी ठाऊक झालं. बाहेर फुटपाथवर आल्यावर मात्र तिला अचानक कुठेतरी टेकावंसं वाटलं. बस नुकतीच गेली होती. एका माणसाची जन्मतारीख ठरली होती. तो ती आयुष्यभर फॉर्मांवर लिहिणार होता, आणि ती तिनं ठरवली होती, पाण्याचा फिल्टर बदलायला येणाऱ्याला सांगावी तशी. कोर्टात वकील म्हणतात, तारीख पडली. इतकी वर्षं ती ते शब्द रोज ऐकत होती, बाकड्यावर बसलेल्या माणसांचे चेहरे ते ऐकून कसे होतात हेही बघत होती. ती बसथांब्याच्या लोखंडी दांडीला टेकून उभी राहिली. पोटात एक टाच आतून सरकत गेली, खिशात हात घालून काहीतरी चाचपावं तशी, आणि थांबली.

ती कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार बोलतात, ती उतरवते. हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कान आणि बोटं यांच्यामध्ये आपण नसायचं. आपण मध्ये आलो की चूक होते. ते तिला फार लवकर जमलं. एका बाईनं आपली बोटं मशीनमध्ये कशी गेली ते सांगितलं होतं, एका मुलानं वडलांविरुद्ध साक्ष दिली होती, आणि दोन्ही वेळेला तिच्या कागदावर एकही खाडाखोड नव्हती. संध्याकाळी घरी येऊन नवरा विचारायचा, आज काय झालं, तर तिला खरोखरच आठवायचं नाही. नवरा हवामान खात्यात होता. त्याला सगळ्याचं काहीतरी वाटायचं. ढगांचंसुद्धा. गुरुवार ठरल्याचं ऐकल्यावर त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं लगेच कागद घेऊन यादी करायला सुरुवात केली: पुढून उघडणारे गाउन, सैल चड्ड्या, बाळाचे टोपी-मोजे, फोनचा चार्जर. मग पेन थांबलं. “पण नंतर कोण?” तो म्हणाला. त्याला आठ दिवसांची रजा होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात होतं. तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती.

रविवारी नेहमीप्रमाणे बाबांचा फोन आला. आई गेल्यापासून तो दर रविवारी येई आणि पाचेक मिनिटं चाले. तिकडे ऊन आहे का, रक्तदाबाची गोळी घेतली का, बरं मग, ठेवतो. आई होती तेव्हा तेवढंही नव्हतं. तेव्हा दोघांच्या मध्ये आई असे. “बाबांना सांग, मला उशीर होईल.” “तिला विचार, पैसे पोचले का.” एकाच खोलीत बसून. त्यामुळे बाबा “मी येतो” म्हणाले, तेव्हा तिला आधी कळलंच नाही, कुठे.

“बाबा, तुम्हाला जमेल का?”

“चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात. आत माणसं अडकलेली असताना. जमेल.”

बुधवारी दुपारी ते आले ते दोन शर्ट, एक पँट आणि हत्यारांची पेटी घेऊन. इमारतीच्या लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर येईस्तोवर त्यांनी निदान केलेलं होतं. “ब्रेकची लाइनिंग झिजलीये, मास्तर. कुणाला तरी सांग.” लहानपणी ती त्यांच्या पत्रांतलं शुद्धलेखन सुधारायची, तेव्हापासून ती मास्तर. चहा घेऊन झाल्यावर ते तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि पलंगाकडे बघत म्हणाले, “हा फार खाली आहे. उठताना पोटावर जोर येईल.” मग खिशातून टेप काढली आणि जरा घुटमळून विचारलं, “गुडघ्याखाली किती?” ती उभी राहिली. त्यांनी खाली बसून तिच्या गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत माप घेतलं. टेप थंड होती. त्यांच्या डोक्यावरचे केस किती विरळ झालेत हे तिनं वरून पाहिलं. बाबांनी आपल्या अंगाला शेवटचा हात कधी लावला होता हे आठवायचा तिनं प्रयत्न केला आणि ते काही आठवेना. संध्याकाळपर्यंत पलंगाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे आले आणि उजव्या बाजूला, धरून उठायला, जुन्या लिफ्टच्या दाराचा एक पितळी दांडा चार स्क्रूंनी पक्का झाला. बाबांनी त्याला स्वतः लोंबकळून पाहिलं.

गुरुवारी सकाळी तिनं नखांचं पॉलिश पुसलं, अंगठी काढून नवऱ्याकडे दिली आणि संमतिपत्रक पूर्ण वाचलं. नर्स उभी राहून राहून कंटाळली. “एवढं कुणी वाचत नाही हो,” ती म्हणाली. त्यात रक्तस्राव होता, संसर्ग होता, मूत्राशयाला इजा होती, आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य होतं ज्याचा कर्ता हरवला होता. तिला ते दुरुस्त करावंसं वाटलं. तिनं सही केली. ऑपरेशनची खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान होती आणि गार. टेबलावर बसवून एका नर्सनं तिचे खांदे धरले. “पाठ बाहेर काढा, हनुवटी छातीला लावा, हलू नका.” तिचं कपाळ त्या नर्सच्या ओळखपत्राला टेकलं होतं, फोटोतली नर्स आठ-दहा वर्षांनी तरुण होती. मागे, मणक्यात, एक टोचणी, मग दाब, मग पायांत ऊब उतरत गेली आणि थोड्याच वेळात ते पाय कुणा दुसऱ्या बाईचे असावेत इतके लांब गेले. भूल देणाऱ्या डॉक्टरनं पोटावर फवारा मारला. “थंड लागतंय?” “ओलं लागतंय,” ती म्हणाली, “थंड नाही.” तो खूश झाला. “इतकं नेमकं कुणी सांगत नाही.” छातीपाशी हिरवा पडदा आला. नवरा टोपी आणि मास्क घालून डोक्याशी येऊन बसला. त्याचे फक्त डोळे दिसत होते आणि ते आधीच ओले होते. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई आणि त्यांची मदतनीस बोलत होत्या. मदतनीसबाईंच्या मुलीला पोहण्याच्या क्लासला घातलं होतं आणि ती पाण्यात उतरायलाच तयार नव्हती. काठावर बसते, पाय बुडवते, म्हणते मी बघते. “बघू दे की,” बाई म्हणाल्या. “सोड जरा. हं. आणखी.” ती ऐकत होती, आणि बाजूला पट्ट्यात बांधलेल्या तिच्या उजव्या हाताची बोटं, सुई लावलेली असूनही, बारीक हलत होती. “आता पोटात कुणीतरी कपाट आवरतंय असं वाटेल,” भूल देणारा म्हणाला, आणि खरोखरच तसं वाटलं. कुणीतरी घाईघाईनं खण ओढत होतं, वस्तू बाजूला सारत होतं, शोधत होतं. दुखत काहीच नव्हतं. सगळं होत होतं आणि ते तिला होत नव्हतं. “पाय आले,” कुणीतरी म्हणालं. मग एक मोठा हिसका, तिचं सगळं अंग टेबलावर वरखाली हललं, आणि एक आवाज, चिरका, रागावलेला. पडद्यावरून काहीतरी वर धरण्यात आलं: पांढुरकं, निळसर, पाय पोटाशी दुमडलेले. मुलगा होता. वकील जसे मुद्देमाल वर धरून साक्षीदाराला विचारतात, हेच का ते, तसं सगळे तिच्याकडे बघत होते. नवरा हमसून रडत होता. आपण काहीतरी बोललं पाहिजे हे तिला कळलं.

“किती वाजले?” ती म्हणाली.

सगळे हसले. “नऊ बावन्न,” भूल देणारा म्हणाला. मग टाके घालायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात तिची हनुवटी थडथडत राहिली, थंडीनं नव्हे, औषधानं, असं तिला सांगण्यात आलं. मूल तिच्या गालाशी आणून धरलं होतं. त्याचा एक कान दुमडला गेला होता. तो सरळ करावा असं तिच्या मनात आलं, पण हात अजून पट्ट्यात होता, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला सांगायचं तिला बरं वाटेना.

हॉस्पिटलातले चार दिवस तिला नंतर आठवले ते अंगाच्या वेगवेगळ्या भागांनुसार. लघवीची नळी काढल्यावर आधी मोकळं वाटलं, मग रिकामं. दुसऱ्या दिवशी उठवलं तेव्हा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, कोपरावर जोर द्या, हे सगळं करून ती उभी राहिली आणि पोट खाली सांडेल या भीतीनं दोन्ही हातांनी धरून दारापर्यंत वाकून गेली. वायूची कळ खांद्यात निघायची, हे कुणी सांगितलं नव्हतं. टाक्यांच्या खाली एक चार बोटांची पट्टी बधिर होती. तिथे हात लावला की हाताला कळायचं, पोटाला कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी दूध आलं आणि गाउन भिजला, नेमके बाबा खोलीत असताना. बाबा भिंतीकडे तोंड करून तिथलं अग्निशमनाच्या सूचनांचं पत्रक नर्स येईपर्यंत वाचत राहिले. मुलाला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते हात मागे बांधून, दोन फुटांवरून. “बरा आहे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “इथल्या लिफ्टचं दार कुरकुरतंय. सांगून आलो.” मूल पाळण्यात असे, नाहीतर तिच्या छातीशी. ती त्याला पाजत होती, बरोबर धरत होती, नर्सनं दाखवलं तसं तोंड उघडेपर्यंत थांबत होती. त्याची नखं तिला आवडली. इतक्या लहान जागेत इतकं नीट काम. पण नवरा त्याच्याकडे बघताना जसा आतून विरघळत जाई तसं काही तिच्यात होत नव्हतं. ती वाट बघत होती. दुधासारखंच ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी येत असेल, असं तिनं धरलं होतं.

घरी आल्यावरही ते आलं नाही. नवऱ्याची रजा संपली. सकाळी निघताना तो मुलाच्या टाळूचा वास घेई आणि म्हणे, “आज अंशतः ढगाळ, दुपारी रडण्याची शक्यता.” मग घरात तिघं उरत. बाबांनी हॉस्पिटलचं सूचनापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं होतं आणि ते अक्षरशः पाळलं जात होतं. जखम कोरडी ठेवणे. बाळापेक्षा जड काही न उचलणे. दर तासाला पाणी. ते मऊ भात करत, भाज्या उकडत, मीठ विसरत. एकदा ती म्हणाली, डोकं फार खाजतंय, वाकता येत नाही, धुता येत नाही. आणि लगेच तिला वाटलं, उगाच बोलले. बाबांनी खुर्ची उलटी करून बेसिनला लावली, मानेखाली घडी केलेला टॉवेल ठेवला आणि पाणी आधी स्वतःच्या मनगटावर पाहिलं. त्यांची बोटं जाड होती आणि कानामागे पोचल्यावर एकदम हलकी होत, नट हातानं बसवताना होतात तशी. ती डोळे मिटून होती. फेस डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांनी आडवा धरलेला तळहात तिला कपाळावर जाणवत होता. आई असती तर बोलत राहिली असती. बाबा एकदाच बोलले. “गरम नाही ना?” “नाही,” ती म्हणाली. नंतर पलंगावर केस वाळवत बसल्यावर तिला रडू आलं, थोडंसं, आणि ते कशाचं हे ती जरा कुतूहलानं शोधत राहिली. बाराव्या दिवशी ऑफिसातली मैत्रीण आली. “सांग ना, आई झाल्यावर कसं वाटतंय?” “छान,” ती म्हणाली. साक्षीदार खोटं बोलताना आवाज किती सपाट होतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. मैत्रिणीला ते नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं, की मला ह्याचं काही वाटतच नाहीये बहुतेक. “हार्मोन्स असतात,” नवरा म्हणाला आणि तिला जवळ घेतलं, टाक्यांना धक्का न लावता. त्याचं म्हणणं बरोबर असेलही. पण तिला माहीत होतं, इतकी वर्षं हार्मोन्स नसतानाही तिच्या कागदावर खाडाखोड नव्हती.

सोळाव्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहून चहा पीत होती आणि खोलीत मूल रडायला लागलं. ती गेली नाही. मुद्दाम नव्हे. ती ऐकत होती. रडण्याला एक चाल होती: तीन छोटे हुंकार, मग एक लांब, मग श्वासासाठी थांबा. ती चाल पुन्हा तशीच येते का हे ती बघत होती, आणि ती येत होती. कपातला चहा संपला. तिनं कप विसळला, उपडा ठेवला. वळली तर दारात बाबा उभे होते, ओले कपडे हातात घेऊन. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कपडे खुर्चीवर टाकून आत गेले आणि रडणं थांबलं. ती तिथेच उभी राहिली. आपल्याला कुणीतरी पकडलं आहे, आणि ते बरंच झालं, असं दोन्ही तिला एकदम वाटलं. दिवसभर बाबा नेहमीसारखे होते. फक्त जेवताना त्यांनी तिला दोनदा विचारलं, झोप होते का. ती दोन्हीदा हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपून उठली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि उशाशी ठेवलेला पेला रिकामा होता. कुणाला हाक न मारता ती कुशीवर वळली, दांडा धरला आणि उठली. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता. तिला वाटलं, फोनवर आहेत. रविवारचा तोच सपाट आवाज. पण आज रविवार नव्हता. ती मधल्या बोळकांडीत आली. दार अर्धं उघडं होतं. बाबा खिडकीशी खुर्चीवर बसले होते, मूल त्यांच्या डाव्या हातावर आडवं होतं आणि ते त्याच्याशी बोलत होते.

“तुझी आई झाली तेव्हा मी नव्हतो. अकरा दिवसांनी आलो. ड्यूटी होती, असं तुझी आजी सगळ्यांना सांगायची. शेवटपर्यंत तेच सांगितलं तिनं. ड्यूटी नव्हती. दुसऱ्याच दिवशी निरोप आला होता मला. मी साहेबाकडे गेलो आणि आणखी काम मागून घेतलं.”

ती भिंतीला हात लावून उभी राहिली. ती गोष्ट तिला पाठ होती. परगावच्या हॉस्पिटलातली बारा मजल्यांची लिफ्ट बंद पडली होती, पेशंट खांद्यावरून न्यावे लागत होते, आणि ती चालू करू शकेल असा एकच माणूस होता. शाळेत तिनं ती मैत्रिणींना किती वेळा सांगितली होती. त्या लिफ्टच्या दाराचा रंगसुद्धा आई सांगायची. पोपटी. आईनं तो रंग कुठून आणला असेल?

“भीती वाटत होती,” बाबा म्हणाले. “कशाची, ते अजून नाही सांगता येत. आणि आल्यावर तरी काय? मला काही वाटलंच नाही. आजी माझ्या तोंडाकडे बघायची, म्हणून मी हसल्यासारखं करायचो. शेजाऱ्यांचं पोर सांभाळायला ठेवलंय असं वाटायचं. न्यायचो, आणायचो, पडू द्यायचो नाही. पण आतून काही नाही. वर्ष गेलं. दुसरंही जात आलं. म्हटलं, आपल्यातच एखादा पार्ट कमी असेल. असतो एखाद्याच्यात.” मूल बारीक आवाज करत होतं. बाबांनी हात जरा हलवला. “मग एक दिवस मी घरात जमिनीवर मोटर उघडून बसलो होतो. हिनं त्यातली एक स्प्रिंग उचलली आणि गॅलरीतून टाकून दिली. तसली स्प्रिंग मिळायची नाही तेव्हा. मी असा ओरडलो हिच्यावर, खालचे लोक वर आले बघायला. ही रडेना. नुसती बघत राहिली माझ्याकडे. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. वाटलं, अरे, ही तर आपली आहे. लोकांच्या पोरावर एवढं कोण ओरडतं?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिनं दार ढकललं.

“बाबा, मला ऐकू येतंय.”

“माहितेय,” बाबा म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. “म्हणून तर दार उघडं ठेवलं. दोनदा सांगून झालंय ह्याला. तू झोपलेलीच होतीस.”

ती समोरच्या खुर्चीवर हळूहळू बसली, हातांवर भार टाकत. इतक्या वर्षांत कोर्टात माणसं काहीतरी कबूल करत होती आणि तिला कधीच काही बोलावं लागलं नव्हतं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“दोन वर्षं म्हणजे फारच झाली, बाबा,” ती म्हणाली.

बाबांनी विचार केला. मनातल्या मनात महिने मोजत असावेत.

“पावणेदोन,” ते म्हणाले.

हसू तिला खालून आलं, त्या बधिर पट्टीच्याही खालून, आणि टाके असे ओढले गेले की तिनं “आई गं” म्हणून पोट दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी ते थांबेना. बाबा मूल घेऊन अर्धवट उठले. “हसू नकोस, हसू नकोस, टाके ओले आहेत अजून,” ते म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मूल त्यांच्या हातावर वरखाली होत होतं.

“द्या इकडे,” डोळे पुसून ती म्हणाली.

बाबांनी ते तिच्या मांडीवर ठेवलं, पोटाला लागू नये म्हणून मध्ये उशी घातली आणि पाणी आणायला गेले. मूल जागं होतं. ते तिच्याकडे बघत नव्हतं, तिच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होतं, तिथे उजेडाचा एक तुकडा पडला होता. ती मुलाकडे बघत राहिली, तोंडावर काहीही न आणता. कुणाला दाखवायचं नव्हतं. त्याच्या हनुवटीखाली दुधाचा एक ओघळ वाळला होता. तो तिनं अंगठ्यानं पुसला, तर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, चांगल्या तीन. सतरावा दिवस होता. अजून पुष्कळ दिवस होते.